मदत हवी आहे: घरात आधीची लॅन वायर आहे, तिच्यावरच मेश वायफाय कसं बसवू?

नमस्कार. आम्ही औशाचे. घर अर्धं जुनं, अर्धं नवं. पुढचा भाग माळवदाचा, भिंती दगडमातीच्या आणि अडीच फूट जाड. १९९३ च्या भूकंपानंतर (किल्लारी आमच्याच तालुक्यातली) अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मागं कॉलम-बीमचं बांधकाम केलं. पुढचं पडलं नाही म्हणून पाडलंही नाही. राहायला गार वाटतं, पण वायफायला ते घर नाही, गढी आहे.

फायबरचा डबा मागच्या हॉलमध्ये आहे. प्लॅन ३०० एमबीपीएसचा. मी माडीवर बसून कंपनीचं काम करते आणि जावेचा मुलगा ढाळजेत (पुढच्या दाराजवळच्या ओसरीत) नीटच्या ऑनलाइन टेस्ट देतो. माडीवर फोनला दोन कांड्या दिसतात, ढाळजेत तेवढ्याही नाहीत.

२०१९ मध्ये कॅमेरे बसवले तेव्हा कॅमेरेवाल्यानं घरभर कॅट ५ई (आठ तारांची लॅन) वायर ओढली होती. जिन्याखालच्या पेटीत आठ पोर्टांचा पीओई स्विच आहे (लॅनच्या वायरीतूनच कॅमेऱ्यांना वीजही देणारा). त्यावर चार कॅमेरे, शिवाय माडी आणि ढाळज इथं जाणारी एकेक वायर. स्विच फायबरच्या डब्याला जोडलेला आहे. त्या दोन वायरी इतकी वर्षं नुसत्या लोंबत होत्या.

आता तीन युनिटांचा मेश संच घेतला (सगळी युनिटं मिळून घरभर एकच वायफाय पसरवतात), ड्युअल बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणारा. पहिलं युनिट फायबरच्या डब्याजवळ लावलं, दुसरं माडीवर, तिसरं ढाळजेत, दोन्हीकडं वायर खोचली. तरी अ‍ॅपमध्ये दोन्ही युनिटं ‘वायरलेस’च दाखवायलेत. स्पीड २५ च्या वर जाईना. वर आणखी एक भर: हॉलमधला प्रिंटर आता फोनला सापडत नाही. अण्णांचं म्हणणं, ‘चांगलं चालू होतं, कामून हात लावला?’

वायर असताना मेश हवेतून का चालतंय? नवी वायर टाकायची सोय नाही. भिंतीला भोक पाडायचं नाव काढलं की घरात भूकंपाचा विषय निघतो.

गोदाकाठचा लिहितो:

ताई, पहिलं युनिट राउटर मोडमध्ये आहे का? बहुतेक तेच असणार, कारण संच तसाच येतो. म्हणजे तुमच्या घरात आता दोन राउटर झाले, एक फायबरचा डबा आणि एक मेश, आणि दोघंही आपापले आयपी पत्ते वाटतात. प्रिंटर जुन्या डब्याच्या जाळ्यात, फोन मेशच्या जाळ्यात. एका घरात दोन चुली मांडल्यासारखं.

वायरीचंही तेच. तुमचा स्विच फायबरच्या डब्याला जोडलाय, म्हणजे तो मुख्य युनिटाच्या अलीकडं राहिला. माडीवरच्या युनिटाला वायरीतून मुख्य युनिट दिसतच नाही, मग ते बिचारं हवेतून पकडतं. ड्युअल बँडमध्ये युनिटांच्या आपसातल्या बोलण्याला वेगळा रेडिओ नसतो, तोच रेडिओ फोनशीही बोलणार आणि मागच्या हॉलमधल्या मुख्य युनिटाशीही, त्यामुळं वेग निम्म्यावर येतो. त्यात तुमच्या भिंती.

दोन रस्ते आहेत. एक, स्विचची वायर फायबरच्या डब्यातून काढून मुख्य युनिटाच्या दुसऱ्या पोर्टात लावा आणि फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे तो पत्ते न वाटता इंटरनेट नुसतं पुढं देईल. दुसरा, अ‍ॅपमध्ये जाऊन मेशच अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. वायरी जिथल्या तिथं राहतील, पत्ते फायबरचा डबा वाटेल, मेश फक्त वायफाय पसरवेल. मी दुसरा करेन. फक्त फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा, नाहीतर फोन त्यालाच चिकटून बसतील.

काळी_रान लिहितो:

वरच्यांशी सहमत. घरात लँडलाइन असेल आणि ती त्याच डब्यातून येत असेल तर ब्रिज मोडच्या नादी लागू नका, फोन बंद पडू शकतो. अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये मेशच्या अ‍ॅपमधली काही कामं, उदाहरणार्थ पोरांच्या वेळा बांधून देणं, बहुतेक संचांत जातात. तेवढं सोसायचं.

आणि एक महत्त्वाचं. पेटीतला पीओई स्विच नीट बघा. साध्या ८०२.३एएफ (पीओईचं ठरलेलं मानक) स्विचमध्ये पलीकडचं यंत्र वीज मागतं की नाही ते आधी तपासलं जातं, तिथं भीती नाही. पण स्वस्तातला पॅसिव्ह पीओई असेल तर तो न विचारता वायरीत वीज सोडतो. मेशचं युनिट जळायला तेवढं पुरे.

धागाकर्ती:

लँडलाइन आहेच, अण्णांचा जीव तिच्यात. म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट मोड केला. स्विचवर ८०२.३एएफ लिहिलेलं आहे. दोन्ही युनिटं आता ‘वायर्ड’ दाखवतात, प्रिंटरही सापडला! पण वेग दोन्हीकडं ९४ वर येऊन थांबतो. सकाळी ९४, रात्री ९४, एवढा नेमाचा कसा?

गोदाकाठचा:

९४ म्हटलं की मोजायचंच नाही, ती १०० एमबीपीएसची लिंक आहे, वरचे सहा डेटाच्या वेष्टनात (पत्ते, खुणा वगैरे) जातात. कॅमेऱ्यांच्या बऱ्याच स्विचमध्ये कॅमेऱ्याचे पोर्ट १०० चेच असतात. कॅमेऱ्याला लागतात पाच-सात एमबीपीएस, त्यात त्यांची चूक नाही. वेगळा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच घ्या. फायबरचा डबा, माडी, ढाळज त्यात, आणि तिथून एक वायर जुन्या स्विचला. कॅमेऱ्यांना हात लावू नका.

तरी ९४ च राहिले तर भिंतीवरचा जॅक उघडा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. आपल्याकडं चारच दाबून मोकळे होणारे पुष्कळ.

धागाकर्ती:

लातूरहून स्विच आणला. माडीवर आता २८० च्या आसपास मिळतात, मीटिंगमध्ये तोंडं गोठत नाहीत. ढाळजेत मात्र ९४ च. जॅक उघडला. नारिंगी आणि हिरवी जोडी दाबलेली, तपकिरी नुसतीच गुंडाळलेली. निळी जोडी मात्र जॅकमध्ये नाहीच, ती मागून कुठंतरी गेलीय. तिचा माग काढत गेले तर अण्णांच्या बैठकीजवळचा लँडलाइनचा दुसरा फोन! कॅमेरेवाल्यानं त्याच वायरीतून घंटी आणून दिली होती.

काळी_रान:

मग राहू द्या ताई. टेस्टला ९४ पुष्कळ झाले. आठ तारा दाबायच्या तर तो फोन मुका होणार. जिन्याखालच्या पेटीला इन्व्हर्टरची लाइन आहे का ते मात्र बघा. वीज गेली की फायबरचा डबा चालू राहील, पण स्विच मेला तर ढाळज पुन्हा हवेवर.

धागाकर्ती:

पेटीला इन्व्हर्टर नाही! परवा टेस्ट चालू असताना तसंच झालं होतं, आम्ही फायबरवाल्याला बोल लावत होतो. उद्या इलेक्ट्रिशियन येतोय. अण्णांना सांगितलंय, पेटीपर्यंतची वायर पट्टीतून जाणार, भोक एकही नाही.