मेडिकलच्या पोरांचे पेपर मोजायचे, की त्यांनी काय शोधलं ते?

काळी_माती (धागा सुरू करणारा)

विदर्भातल्या ग्रामीण भागातल्या एका मेडिकल कॉलेजात मी मेडिसिन शिकवतो. एकवीस वर्षं झाली. गेल्या आठवड्यात कॉलेजचा वार्षिक अहवाल हातात पडला. 'विद्यार्थ्यांची कामगिरी' या मथळ्याखाली दोनच आकडे होते: निकाल किती टक्के लागला आणि विद्यार्थ्यांच्या नावावर किती पेपर छापून आले. दोन्ही आकडे गेल्या वर्षीपेक्षा वर गेलेत म्हणून स्टाफरूममध्ये पेढे वाटले. दुपारी मी लायब्ररीत जाऊन एमडीचे जुने प्रबंध काढून बसलो.

शीर्षकं वाचत गेलो. 'ग्रामीण रुग्णालयात दाखल झालेल्या अमुक रुग्णांच्या लक्षणांचा अभ्यास.' अमुकच्या जागी कधी डेंग्यू, कधी पक्षाघात, कधी रक्तक्षय. तीन-चार वर्षं गेली की तोच विषय दुसऱ्या गाईडच्या नावाखाली परत. शंभर रुग्ण, चार पाय चार्ट आणि शेवटच्या पानावर 'या विषयावर मोठ्या अभ्यासाची गरज आहे'. तो मोठा अभ्यास कोणीच हाती घेतलेला नाही.

आणि प्रश्न तर दारात येऊन उभे आहेत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दाखल झाले. कोणतं औषध होतं, दोन औषधं एकत्र कालवली होती का, पंप कुठला, कपाशी डोक्याच्या वर गेली होती का, हे सगळं त्या माणसाला आणि त्याच्या बायकोला माहीत असतं. आमच्या केसपेपरवर मात्र अशा रुग्णांपुढे आजही 'अननोन पॉइझनिंग' लिहिलेलं असतं. त्या दोन शब्दांवर कसला अभ्यास करणार?

एक उदाहरण सांगतो. घोणस चावली की रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायची साधी चाचणी आहे: नवी, स्वच्छ, कोरडी काचेची नळी घ्या, २ मिलि रक्त घाला, २० मिनिटं हात लावू नका, मग एकदा तिरकी करा. रक्त वाहिलं, म्हणजे गोठलं नाही, तर एएसव्ही (सापाच्या विषावरचा उतारा) सुरू करायचं, पहिला डोस १० व्हायल. काही वर्षांपूर्वी सेकंड इयरची एक पोरगी सुट्टीत घरी न जाता आमच्या वॉर्डात यायची. एकदा तिने विचारलं, "सर, पाय सुजला नाही, हिरड्यांतून रक्त नाही, तरी रक्त गोठत नाही म्हणतात, हे काहून?" आठवडाभर तिने नळ्यांचा माग काढला. नळ्या डिटर्जंटने धुऊन परत वॉर्डात येत होत्या. साबणाचा अंश काचेला राहिला की धडधाकट माणसाचं रक्तही त्यात नीट गोठत नाही. म्हणजे काही जणांना गरज नसताना एएसव्ही जात होतं, आणि त्या औषधाची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते. त्यानंतर नव्या नळ्यांचे डबे आले. तिने ते लिहून पाठवलं तर 'यात नवीन काही नाही' म्हणून परत आलं. खरंच आहे, काचेची आणि डिटर्जंटची सूचना पुस्तकात असतेच. पण त्या वर्षीच्या अहवालात तिच्या नावापुढे शून्य होतं. त्याच वर्षी एकाच्या नावावर पाच पेपर होते. त्यातल्या एका पेपरातले रुग्ण कुठल्या गावचे, एवढंही त्याला सांगता आलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. विद्यार्थ्याच्या फाइलमधून पेपरची संख्या काढून टाका. त्या जागी एकच रकाना ठेवा: तुझ्या कामाने वॉर्डात किंवा गावात काय बदललं?

ड्युटी_३६_तास

नमस्कार सर. मी एमडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. तुमच्याशी अजिबात सहमत नाही.

'अननोन पॉइझनिंग' लिहिणारा माणूस मी आहे, म्हणून सांगतो. रात्री तीनला ऑटोतून पेशंट उतरतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून फेस, छातीत घरघर. मी एका हाताने सक्शन लावतो, सिस्टर अ‍ॅट्रोपिन ओढत असतात. छाती मोकळी होईपर्यंत या उताऱ्याचा डोस वाढवत जायचा, समोर दुसरा काही विचारच नसतो. सोबत आलेला शेजारी म्हणतो, "फवारणीचं काहीतरी होतं." सकाळी आठला राउंड. तोवर आणखी सहा जण दाखल झालेले असतात. पंपाबद्दल विचारायला माणूस कुठून आणू?

प्रबंधाचा विषय मी निवडलाच नाही. अ‍ॅडमिशननंतर थोड्याच महिन्यांत सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) द्यावा लागतो, तेव्हा मला एक्स-रे कुठे काढतात तेही नीट ठाऊक नव्हतं. गाईडने विषय सांगितला, मी हो म्हटलं. परीक्षेच्या सहा महिने आधी प्रबंध जमा झाला नाही तर परीक्षेला बसता येत नाही. मग मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या माहितीचा तक्ता) रात्री दोनलाच भरला जातो. तुम्ही संख्येचा रकाना काढून 'काय बदललं'चा रकाना आणाल, तोही रात्री दोनलाच भरला जाईल. उलट ते खोटं जास्त पचेल, कारण पेपर निदान शोधून वाचता तरी येतो.

विद्यार्थ्याची कामगिरी खाटेशेजारी बघा. छातीत नळी टाकता येते का, मेलेल्या माणसाच्या बायकोशी बोलता येतं का, रेफर केव्हा करायचं ते कळतं का. संशोधन ज्याला करायचं त्याने करावं, सगळ्यांच्या गळ्यात बांधू नका.

आकडेमोड

मी बायोस्टॅटिस्टिक्स शिकवते आणि प्रबंधांचे आकडे तपासते. संख्या काढून टाकण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. कारण कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते.

विद्यार्थ्याचं मोजमाप फक्त विभागप्रमुखाच्या मतावर असतं तेव्हा चांगला शेरा कोणाला मिळतो? ज्याचे वडील डॉक्टर, ज्याचा मामा त्याच संस्थेत, जो सरांच्या घरी फुलं घेऊन जातो. घाटंजी किंवा धानोऱ्याहून आलेल्या पोराच्या हातात सांगण्यासारखं काय असतं? छापलेला एक पेपर. तो कोणाच्या मर्जीवर नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याला बोट ठेवून दाखवता येतं, हे माझं आहे. ते तुम्ही काढून घेताय, सर. तुमच्या त्या मुलीला आज कोण ओळखतं? तुम्ही. उद्या तुम्ही निवृत्त झालात की?

राष्ट्रीय क्रमवारीच्या मेडिकल यादीत संशोधनाला १०० पैकी ३० गुण आहेत, म्हणून कॉलेजं संख्येमागे धावतात, हे मान्य. 'दोन दिवसांत पेपर स्वीकारू, एवढे हजार भरा' असे ई-मेल मलाही रोज येतात. असले पेपर मोजू नका, त्याला माझा पाठिंबा आहे. पण धान्यात खडे निघाले म्हणून कोणी पोतं फेकत नाही.

आणि गडचिरोली बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ३९ गावांत गावातल्याच बायकांनी बाळांची काळजी घेतली, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. पुढे आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या, त्यामागे हे काम आहे. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मरण मोजलं म्हणून ते जगाला पटलं. आणि ते छापलं म्हणून दिल्लीपर्यंत गेलं. नुसतं बदल घडवून गप्प बसले असते तर गडचिरोलीतच राहिलं असतं.

चार_एकर_कपाशी

मी काही डॉक्टर नाही जी. दारव्हा तालुक्यात शेती हाय, पोरगी मेडिकलले हाय तिसऱ्या वर्षाले. तिनं हे वाचाले पाठवलं.

त्या सालात आमच्या गावचा एक पोट्टा फवारणी करून आला अन् डोळ्याले दिसत नाही म्हने. उलट्या सुरू. आमी त्याले गाडीवर मधात बसवून नेलं. डॉक्टरनं इचारलं, औषध कोणतं? डब्बा तं बांधावरच पडून होता. डब्बा संग घेऊन या, हे आमाले कोनी सांगतलंच नव्हतं. ना कृषीवाल्यानं, ना दुकानदारानं, ना दवाखान्यानं. पोट्टा वाचला, पण थे इचारलेलं माह्या डोक्यातून गेलं नाही. एवढं सांगाले पेपर कायले लागते?

पोरीबद्दल म्हनाल तं तिनं आधी पास व्हावं. पीजीले नंबर लागला पाहिजे. तिच्या फीपायी काय इकलं थे तिले माहीत हाय.

काळी_माती

दादा, तुमच्या डब्याच्या गोष्टीने माझी झोप उडाली. एकवीस वर्षांत मी विद्यार्थ्यांना 'हिस्ट्री नीट घ्या' असं हजारदा सांगितलं. 'डबा आणा' असं एकाही गावात जाऊन सांगितलं नाही.

आकडेमोड ताई, पाठीशी कोणी नसलेल्या मुलाचा मुद्दा मी धरलाच नव्हता. तो बरोबर आहे आणि माझा रकाना त्याला संरक्षण देत नाही, हे मान्य करतो. पण गडचिरोलीत बाळं मोजली गेली, पेपर नाहीत. वहीत नोंद करणाऱ्या बाईला 'तुझे पेपर किती' असं कोणी विचारलं नाही. आमच्याकडे पोराला पहिला प्रश्न तोच असतो.

एक सुचतं. सेवाग्रामचं कॉलेज १९६९ मध्ये सुरू झालं, तिथे प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. आता एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच कुटुंब दत्तक घेणं आलं आहे, म्हणजे पोरं घरोघरी जाणारच आहेत. जूनमध्ये प्रत्येक घरी एकच निरोप द्या: विषबाधा झाली तर डबा सोबत आणा. आणि हंगामभर कॅज्युअल्टीत नोंद करा, किती जणांनी आणला. त्याला ना मशीन लागतं ना निधी.

इंटर्न_पोस्टिंग_पीएचसी

कुटुंब दत्तकबद्दल खरं सांगू का? आमची बस साडेनऊला गावात पोचायची, बीपी घ्यायचं, लॉगबुकवर सही, साडेबाराला मेसमध्ये. ज्या आजीचं घर मला दिलं होतं, तिला मी चार भेटींत चार वेळा 'बीपीची गोळी घेता का' विचारलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, "तू दरवेळी इचारतं, गोळी कधी आणतं?" उपकेंद्रात गोळ्या संपल्या होत्या. हे मी लॉगबुकात लिहिलं नाही, कारण तिथे त्यासाठी जागाच नव्हती.

तरीही मी आकडेमोड मॅडमच्या बाजूने आहे. आयसीएमआरची (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या संशोधनाची जुनी योजना आहे, ती मी केली. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांच्या आयांशी बोललो, उन्हात सायकलने फिरलो. पेपर आला तेव्हा माझं नाव चौथं. पहिले तिघं त्या गावांत कधी गेले नव्हते. संख्या राहू द्या हो. नावांचा क्रम कोण ठरवतो, त्यावर आधी नियम करा.

वॉर्ड_नंबर_सात

मी स्टाफ नर्स आहे, सव्वीस वर्षांची नोकरी. सरांची नळ्यांची गोष्ट वाचली. त्यांचा वॉर्ड वेगळा, पण गोष्ट आमचीही आहे.

नळ्या धुवायची आम्हाला हौस नसते. इंडेंट (मागणीपत्र) लिहून पाठवतो, 'शिल्लक नाही' म्हणून परत येतं, मग पेशंट समोर असताना धुतलेलीच घ्यावी लागते. डिटर्जंटने काय होतं ते आम्हाला कोणी शिकवलं नाही, पण नळ्या कुठे जातात नि कुठून येतात हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. रेसिडेंट सहा महिन्यांनी बदलतात, रजिस्टर आम्ही भरतो. तुमचे सगळे प्रबंध त्याच रजिस्टरातून निघतात. एकाही प्रबंधाच्या आभारात आमच्या वॉर्डाचं नाव मी वाचलेलं नाही. विद्यार्थ्यांना संशोधन शिकवायचं असेल तर आधी रजिस्टर कोण भरतं ते विचारायला शिकवा.

ड्युटी_३६_तास

आत्ता नाइटला आहे. आज वॉर्ड शांत आहे म्हणून स्टीलच्या ट्रेमधली धुतलेली नळी घेतली. माझंच २ मिलि रक्त काढून घातलं. मला साप चावलेला नाही, कुठलंही औषध सुरू नाही. मोबाइलवर २० मिनिटं लावली. तिरकी केली.

वाहिलं.

वेळेबद्दल मी जे म्हटलं ते तसंच आहे, त्यावर सरांनी उत्तर दिलेलं नाही. पण गेल्या तीन वर्षांत याच ट्रेमधल्या नळ्या बघून मी किती जणांना एएसव्ही लावलं असेल, हे मोजत बसलोय. आता हे नेमकं कोणाला आणि कसं सांगायचं? एका नळीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आकडेमोड

बरोबर, एका नळीवर ठेवूही नका. एकाच सुईतलं रक्त एकाच वेळी एका नव्या आणि एका धुतलेल्या काचेच्या नळीत घाला, म्हणजे दोन्हींत रक्त तेच राहील. असं तुम्ही, सिस्टर आणि तयार असतील ते इंटर्न, प्रत्येकाने करायचं. पण त्याआधी विभागप्रमुखांना आणि एथिक्स कमिटीला दोन ओळी लिहून कळवा, आता स्वतःच्या मनाने पुढची नळी घेऊ नका. नळ्यांवर चिकटपट्टी लावून फक्त क्रमांक टाका, कोणती कुठली ते तिरकी करणाऱ्याला कळता कामा नये. वेळ घड्याळ बघून वहीत लिहा.

नवी नळी मिळेपर्यंत आज रात्री सर्पदंशाचा पेशंट आला तर लॅबला फोन करून पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची लॅबमधली तपासणी) पाठवा, आणि पेशंटची लक्षणं बघून सिनिअरशी बोला.

वहीच्या पहिल्या पानावर नावं आत्ताच लिहून ठेवा. सात नंबरच्या सिस्टरसारखं कोणी तुमच्या वॉर्डात असेल, तर त्यांचंही.