मदत हवी आहे: साध्या सायकलचा चिमटा बदलू की टायर-ब्रेकवर खर्च करू? (बेळगाव)

नमस्कार मंडळी,

मी वडगावात राहतो. माझ्याकडे २६ इंची, सस्पेन्शन नसलेली साधी गिअरची सायकल आहे. फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) लोखंडी, पुढे तीन, मागे सात गिअर, व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे), १.९५ इंच रुंदीचे टायर. जुनीच घेतलेली, पण फ्रेम सरळ आहे आणि कुठे तडा नाही.

रविवारी सकाळी येळ्ळूरवरून राजहंसगडाला जातो. डांबरी रस्त्याने चढायचं आणि येताना पायवाटांनी शेतांत उतरायचं. कधी राज्याची हद्द ओलांडून देवरवाडीच्या वैजनाथाच्या डोंगराकडे. त्या वाटा मला फार आवडतात, आणि त्या ह्याच सायकलवर नीट चालवायच्या आहेत.

अडचण उतारावर येते. खाली जांभ्याचा टणक थर आणि वर मुरमाचे सुटे खडे. वळणावर पुढचं चाक सरकतं. चार बोटांनी दाबलं तरी ब्रेक हवा तसा लागत नाही, पावसात तर तांबडा चिखल रिमला बसला की लागतच नाही म्हटलं तरी चालेल. खाली पोचेपर्यंत हाताला मुंग्या येतात. शिवाय मागचा एक्सल (चाकाचा आस) वाकतो. बदलून घेतला, तरी पुन्हा वाकला.

बजेट सहा हजारांच्या आत. दुकानदार म्हणतात सस्पेन्शनचा चिमटा बसवा, बाकी सगळं आपोआप बरं होईल. मित्र म्हणतात नवी घे. नवी घ्यायची नाही. ही सायकल कुठल्याही खेड्यात दुरुस्त होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. तर आधी काय करू?

प्रतिसाद

दादा, चिमटा राहू दे. ह्या पैशात मिळतो तो स्प्रिंगचा चिमटा, दोन किलोच्या वर वजन आणि धक्का बसला की उसळी मारणारा. त्यात तो तुमच्या चिमट्यापेक्षा उंच असतो. पुढचा भाग वर उचलला जातो, हँडलचा कोन बदलतो, आणि त्या उंचीसाठी न बनवलेल्या फ्रेमच्या गळ्यावर जादा ताण येतो.

तुमच्या सायकलचं सस्पेन्शन म्हणजे टायरमधली हवा. हवा किती भरता ते लिहिलं नाहीत, पण आपल्याकडे दुकानात टायर दगडासारखा होईपर्यंत भरतात. तसा टायर मुरमावर धरणार कसा? वजन सत्तर किलोच्या आसपास असेल तर पुढे ३० आणि मागे ३५ पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. टायरच्या बाजूला किमान-कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या बाहेर जाऊ नका. दगडावर आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडली तर समजा हवा कमी झाली, दोन-तीन पीएसआय वाढवा. मुंग्या निम्म्या तरी इथेच कमी होतील. मग पुढे २.१ चा चांगला बटन टायर (उंच गुठळ्यांचा) घ्या. मागचा नंतर घेतला तरी चालतो, सरकायचं काम पुढचंच करतंय.

प्रतिसाद

ब्रेकचं: आधी रिमला चुंबक लावून बघा. चिकटला तर रिम लोखंडी, आणि लोखंडी रिमवर ओल्यात ब्रेक धरतच नाही, रबर कितीही भारी घाला. पुढच्या चाकाला अ‍ॅल्युमिनियमची रिम घालून घ्या, थांबवण्याचा मोठा भार पुढच्याच ब्रेकवर असतो. चिकटला नाही तर नवे रबर, नवी तार आणि तारेची नळीसुद्धा नवी. जुन्या नळीत लाल माती बसलेली असते, नुसती तार बदलून उपयोग नाही.

एक्सल वाकण्याला तुमचा दोष नाही. सात गिअरचं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी चढवलेलं असतं, त्यामुळे त्या बाजूचे छर्रे (बेअरिंगचे गोळे) बरेच आत राहतात आणि एक्सलचा लांब तुकडा आधाराविना उरतो. क्रोमोलीचा (मजबूत मिश्र पोलादाचा) भरीव एक्सल मागा. आणि उतारावर सीट चार बोटं खाली घ्या, पायडल समांतर ठेवून त्यावर उभे राहा. बसून दगडांवरून गेलात तर सगळा मार त्या एक्सललाच.

जांबोटी-कणकुंबीकडे जाणार असाल तर भीमगड अभयारण्याची हद्द सांभाळा. २०११ पासून ते अभयारण्य आहे, वन खात्याच्या परवानगीशिवाय आत सायकल घालू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. चुंबक लावला, चिकटला नाही. म्हणजे रबर, तारा, नळ्या आणि एक्सल आधी. पुढे टायर आणि चिमट्याच्या मध्ये दोन्ही बाजूंना आठ-आठ मिमी जागा आहे. २.१ बसेल ना?

प्रतिसाद

बसेल. १.९५ वरून २.१ म्हणजे एकूण चारेक मिमी वाढ, बाजूला दोन-दोन. सहा उरतात. चिखलाला ते कमीच, म्हणून चाकाचा आऊट (फिरताना डावी-उजवीकडे होणारी डगमग) आधी काढून घ्या. टायरच्या माथ्यावरची जागाही मोजा, ती तुम्ही लिहिली नाहीत.