सावलीतला चेहरा मळकट का होतो? (डिजिटल व्यक्तिचित्र)

निळीशाई

नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये माणसांची चित्रं काढते. रेखाटन बऱ्यापैकी जमतं, आजीला काढलं की घरचे लगेच ओळखतात. रंग भरायला घेतले की मात्र सगळं बिघडतं.

सध्याचं चित्र असं आहे: सकाळचे साडेआठ, आजी खिडकीपाशी पाटावर बसून मेथी निवडतेय, अंगावर लाल इरकली लुगडं. फोनवर फोटो काढला, पिकरने गालाचा रंग उचलला आणि चेहराभर तोच भरला. सावलीसाठी मल्टिप्लाय लेयरवर (खालचा रंग गडद करणारा थर) राखाडी फिरवला, उजेडाच्या बाजूला पांढरा मिसळला. आता उजेडातला गाल पावडर थापल्यासारखा दिसतो आणि सावलीतला सिमेंटचा. आजी सावळी आहे, तांबूस, तुकतुकीत. मला तोच रंग हवाय. सराव नेमका कशाचा करू? सावळ्या त्वचेसाठी तयार पॅलेट मिळतं का?

रंगारी_कोल्हापूर

ताई, पॅलेटचा शोध आधी थांबवा. मी पंचवीस वर्षं दुकानांच्या पाट्या आणि गणपतीच्या देखाव्यांचे पडदे रंगवले, टॅबलेट हातात आला तो अलीकडे. पडद्यावर जे हाताला आपोआप जमायचं, ते पहिले सहा महिने स्क्रीनवर जमत नव्हतं, कारण मीही राखाडीच ओढत होतो.

सावलीतही उजेड असतो, तो दुसरीकडून आलेला असतो एवढंच. तुमची खिडकी कोणत्या दिशेला आहे? पश्चिमेला असेल तर सकाळी तिच्यातून ऊन येत नाही, आभाळाचा उजेड येतो आणि तो निळसर असतो. म्हणजे खिडकीकडचा गाल थंड. आतल्या बाजूच्या गालावर आणि हनुवटीखाली जो उजेड पोचतो तो लाल लुगड्यावरून उसळून, म्हणून तिथे ऊब हवी. थेट ऊन येत असेल तर उन्हातला भाग पिवळट होतो. अंगणात बसल्या असत्या तर सावलीत आभाळाचा निळसरपणा शिरला असता.

मल्टिप्लायचा दोष नाही. वस्तूचा रंग गुणिले उजेडाचा रंग, हेच तो करतो. राखाडीने गुणलं की नुसता काळोख वाढतो. त्या लेयरवर राखाडीऐवजी तांबूस तपकिरी घेऊन बघा. सावळा रंग म्हणजे गडद केशरीच, ह्यू (रंगचक्रावरची रंगाची जागा) साधारण १५ ते ३० अंशांत फिरतो. सावलीकडे जाताना व्हॅल्यू (उजळपणा) उतरवा, पण सोबत ह्यू थोडा लालाकडे सरकवा आणि सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) किंचित चढवा. उजेड जिथे संपतो त्या कडेला ते सगळ्यात जास्त.

पांढऱ्याचं म्हणाल, तर तुकतुकीत कातडीवरची चमक उजेडाचा रंग घेते, कातडीचा नाही. आजींच्या नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळाच्या उंचवट्यावर आभाळाचा फिका निळसर ठिपका येईल. तो लहानच ठेवा. गालभर पसरला की पावडर झालीच.

सरावाला स्वतःचा डावा हात घ्या. मी दोन महिने रोज वीस मिनिटं तोच रंगवला, एक दिवस पिवळ्या बल्बखाली, एक दिवस ट्यूबलाइटखाली. पिकर बंद. रंग डोळ्याने ठरवायचा आणि स्लायडरवर शोधायचा. एका संध्याकाळी मनगटाच्या आतली शीर मला चक्क हिरवीनिळी दिसत होती. तसाच रंग लावला तर हातावर शाई सांडल्यासारखं दिसायला लागलं. पुसलं, आणि तिथे केशरीकडे झुकलेला राखाडी ओढला. शीर लगेच कातडीखाली गेली! भोवतीच्या केशरीमुळे तो राखाडी निळा वाटतो. पॅरिसच्या गोबलँ या विणलेल्या चित्रपडद्यांच्या कारखान्यात रंगाईचं काम बघणाऱ्या शेव्हरल या रसायनतज्ज्ञाने १८३९ साली हेच मांडलं. गिऱ्हाइकं काळा धागा फिका आहे म्हणून तक्रार करायची, आणि दोष शेजारच्या रंगाचा निघाला. तुमचा राखाडी चुकतो तो असाच, त्याच्या शेजारी काय आहे ते न बघता लावल्यामुळे.

कागदकाम

रंगारीकाकांशी सहमत. तरी पॅलेटच हवं असेल तर अँडर्स झोर्न या स्वीडिश चित्रकाराचं घ्या: यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), काळा आणि पांढरा. चारच रंग, निळा नाहीच. काळ्या-पांढऱ्याचं मिश्रण ऑकरशेजारी ठेवलं की निळ्याचं काम करतं. डिजिटलमध्ये कोट्यवधी रंग समोर असतात, म्हणून हे बंधन उपयोगी पडतं.

आणि शक्य असेल तर म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमधलं सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघून या. १९४५-४६ मधलं, जलरंगातलं. अनेकजण ते रविवर्म्याचं समजतात, मला त्याचं फार वाईट वाटतं. आपल्या सावंतवाडीचा माणूस, आणि मुलगी गीता हिलाच समोर उभं करून रंगवलेलं. दिव्यावर आडवा धरलेला तिचा हात बघा. ज्योतीचा उजेड बोटांच्या मांसातून आरपार येतो आणि तांबडा होतो. अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर बोटं धरली की हेच दिसतं. आजींच्या कानाच्या पाळीमागून उजेड येत असेल तर तिथेही हा लाल येणार.

एक विचारायचं राहिलं: रात्री रंगवता का? टॅबलेटचं नाइट मोड चालू आहे का?

निळीशाई

होतं! रात्री नऊनंतर आपोआप चालू होतं. स्क्रीन पिवळी पडायची, म्हणून मी नकळत निळा-राखाडी वाढवत होते. बंद केलं आणि जुनी तीन चित्रं उघडली, तिन्ही तशीच गारठलेली.

काका, खिडकी पश्चिमेचीच आहे. फोटो बाजूला ठेवला आणि आज सकाळी आजीसमोर बसले. हनुवटीखाली लुगड्याचा लाल खरोखर पडतो, गळ्याच्या सुरकुत्यांत तर अगदी कुंकवासारखा. दीड वर्षात एकदाही दिसला नव्हता मला. फोटोत तो जवळजवळ नाहीच, तिथे सगळं तपकिरी झालंय. राखाडी लेयर काढून टाकला, तांबूस घेतला, गळा पुन्हा रंगवला. गाल अजून जमलेला नाही, खिडकीकडची बाजू फारच निळी झाली.

उद्या आंबाडीची जुडी आहे निवडायला, तासभर तरी बसेल ती.

रंगारी_कोल्हापूर

निळी झाली तर सॅच्युरेशन शून्याजवळ आणून बघा, ह्यूला हात लावू नका. आणि गळ्याचा तुकडा इथे टाका, बघायचाय मला.