सल्ला हवा: वादळ येऊन गेलेल्या किनाऱ्यावर एक दिवस, बेळगावहून शिरोडा-वेंगुर्ला

हिंडलगा_नाका:
आई-बाबा सत्तरीचे, दोन मुलं, एक गाडी. सकाळी निघून रात्री जेवायला घरी. दिवाळीच्या आसपास समुद्रात वादळ उठलं की किनारा खचतो, सुरूची झाडं पडतात, म्हणतात. त्यानंतर किती दिवसांनी जावं? चार ठिकाणं उरकायची नाहीत, निवांत बसायचंय.

पाटणे_फाटा:
रस्ता आंबोलीचाच धरा. हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, कानूर, आंबोली, सावंतवाडी, आणि तिथून मळेवाडवरनं शिरोडा. साधारण १२० किमी, चहा धरून साडेतीन तास. नकाशात तिलारीचा घाट जवळचा दिसेल, पण तो फार तीव्र उताराचा. मागच्या सीटवर म्हातारी माणसं असताना तिकडं जाऊ नका. ६ ला निघालात तर साडेनऊ-दहाला वाळूत पाय. १ नोव्हेंबर मात्र टाळा. सकाळी निघाल सुखानं, पण बेळगावात कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकांतनं रात्री घरी पोचणं अवघड. टाकी बेळगावातच भरा; तिकडं वीज नसली की पंपही बंद.

वेळागर_सुरू:
वादळ जमिनीवर यायलाच पाहिजे असं नाही. २०१९ चं क्यार भर समुद्रातच विरलं, तरी ऑक्टोबरअखेर सिंधुदुर्गात उधाण वस्तीत शिरलं. मे २०२१ चं तौक्ते किनाऱ्याला समांतर गुजरातकडं गेलं आणि जाता जाता माड, आंबे, खांब पाडून गेलं.

दिवस मोजत बसू नका. जिथं जेवणार तिथं फोन करून दोनच गोष्टी विचारा: वीज आली का आणि विहीर गोडी झाली का. खारं पाणी शिरलेली विहीर पुन्हापुन्हा उपसावी लागते. तोवर पाहुणा म्हणजे त्यांच्यावर ओझं. वीज आली तरी २० लिटरचा कॅन घरूनच न्या. रोख पैसे सुट्ट्या नोटांत ठेवा, कारण टॉवर बंद तर मोबाइलवरनं पैसे देणंही बंद.

वाळूचं असं होतं: मोठ्या लाटा वाळू ओढून आत नेतात, किनाऱ्याला उभा कडा पडतो. हिवाळ्यात समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. कडा ताजा असेल तर मुलांना त्याच्या पायथ्याशी खणायला बसवू नका, वरची वाळू एकदम ढासळते. सुरूची मुळं उथळ, त्यामुळे झाड उपटतं आणि बुंध्याची टोकं वाळूत दडून राहतात. अनवाणी फिरू नका. आत गेलेल्या वाळूचे दांडे होतात आणि दोन दांड्यांच्या फटीतनं पाणी जोरात माघारी ओढतं. इतरत्र लाटा फुटतात आणि एकच पट्टा गुळगुळीत, गढूळ दिसतो, ती जागा. गेल्या वर्षीची चांगली जागा या वर्षी धोक्याची असू शकते. किनाऱ्यावरनं रापण (मोठं जाळं) ओढणाऱ्या मच्छीमारांना विचारूनच उतरा, तेही गुडघाभर पाण्यापुरतंच.

गाडी माडाखाली लावू नका. वाऱ्यानं पिळवटलेल्या झावळ्या आणि नारळ वादळानंतर कित्येक दिवस पडत राहतात.

टिळकवाडी_कट्टा:
भरतीची वेळ कालनिर्णयावरनं काढा. तिथीला ३ नं गुणायचं, ४ नं भागायचं. येईल तो भरतीचा तास. पौर्णिमा म्हणजे १५, तर सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा १ पासून मोजा. अर्धा तास इकडंतिकडं होतं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला जावा, ५ ला वाळू लांबच लांब उघडी.

पाटणे_फाटा:
हिशोब बरोबर, दिवस चूक. नोव्हेंबरात ६ ला सूर्य बुडतो. साडेपाचला शिरोड्यातनं निघालात तर घाट काळोखात, आणि आंबोलीत धुकं असलं तर बॉनेटसुद्धा दिसत नाही. शिवाय पौर्णिमा-अमावास्येचं पाणी चढतंही जास्त. सव्वाअकराला थेट कड्यापर्यंत येणार. एकादशी धरा. भरती सव्वाआठ, ओहोटी सव्वादोन. तुम्ही पोचता तेव्हापासून पाणी मागंच जात राहतं. ४ ला निघा, उजेडात घाट चढून होतो.

हिंडलगा_नाका:
एकादशीला बाबांचा उपास!

टिळकवाडी_कट्टा:
मग द्वादशी. भरती ९, ओहोटी ३. बांगड्यालाही न्याय मिळेल.

वेळागर_सुरू:
बांगड्याचं आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा. समुद्र खवळलेला असेल तर होड्या बाहेर जात नाहीत, मग सुरमईचा हट्ट धरू नका. बांगडा, तारली, सुंगटं, मिळेल ते. तिरफळाची आमटी आई-बाबांना जमत नसेल तर आधी सांगा. ऐनवेळी घावणे आणि सोलकढी कुठंही होते.

दुपारी ऊन चढलं की आरवलीला वेतोबाच्या देवळात टेका, गार असतं. देवाला केळ्यांचा घड आणि चामडी वहाणा वाहतात, मुलांना बघायला गंमत. शिरोड्याची मिठागरं रस्त्यावरनंच बघा. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथलाच. या दिवसांत मीठ दिसणार नाही, मातीचे बांध दुरुस्त होत असतात. त्यांच्यावर चढू नका, ओला बांध पावलानं फुटतो. रेडीचा गणपती जवळ आहे, वेळ असेल तर. वेंगुर्ला बंदर पुढच्या खेपेला ठेवा, नाहीतर उरकणंच झालं.

पडक्या घरांसमोर फोटो काढू नका. त्यापेक्षा आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सुपारी, खडेमीठ तिथल्या घरांतनं घ्या.

चंदगडी_काजू:
वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र वगळायचं म्हणजे काजूवाल्यांना शिक्षा! पण कलमं लावायची जूनमध्ये, तेव्हाच जावा.

हिंडलगा_नाका:
द्वादशी ठरली. तेरेखोलची फेरीबोट बसवता येईल का? आणि बाबांना खाली बसता येत नाही.

पाटणे_फाटा:
फेरी नको, पलीकडं वाट बघण्यात दिवस जाईल. घडीची खुर्ची न्या. तिचे पाय वाळूत रुततात, म्हणून खुर्चीच्या रुंदीएवढे फळीचे दोन तुकडे डिकीत टाका, पुढच्या पायांखाली एक, मागच्यांखाली एक. आणि खुर्ची कड्यापासून दहा पावलं लांब, सुक्या वाळूत मांडा.