नायिकेचं दुःख कितव्या प्रकरणात उघडावं?

रातवा
मदत हवी आहे. कादंबरी लिहितेय, सरळसरळ प्रेमकथा. काळ १९७४. नायिका बुकबाइंडर, मारहाणीच्या लग्नातून बाहेर पडून एकटी राहणारी. नायक गणिताचा मास्तर. वडिलांची फाटकीतुटकी पुस्तकं बांधायला आणतो आणि पुस्तकं संपली तरी येत राहतो. इथवर झकास चाललंय. गाडी अडलीय सातव्या प्रकरणात. तिथे ती त्याला सगळं सांगते, पोटभर रडते, तो जवळ घेतो. आठव्यात बाई ठणठणीत! मैत्रिणीने वाचून विचारलं, "मास्तर आहे की मांत्रिक?"

सांगण्याचा प्रसंग पुढे ढकलू का? आणि मारहाण किती तपशिलात लिहावी?

कोरा_कागद
तपशिलात नकोच. तिरप्या अक्षरांतला फ्लॅशबॅक सुरू झाला की मी पानं उलटते.

अर्धविराम
थोडा असहमत. प्रेमकथेचा वाचक त्या रडण्याचीच वाट बघत असतो. ते काढलंत तर पुस्तक मिटून ठेवेल. शेवट गोड होणार हे त्याला पहिल्या पानापासून माहीत असतं. मधल्या मध्ये काळजात कालवाकालव व्हावी म्हणून तर तो वाचतो. प्रसंग ठेवा, फक्त दुसऱ्या दिवशी बाईला लगेच गाणं गुणगुणायला लावू नका.

दुपारची_झोप
अशा घरातून मीही बाहेर पडलेय, म्हणून जरा लांबण लावते.

प्रकरणाचा आकडा सोडा. तिला सुरक्षित कधी वाटायला लागतं ते आधी ठरवा. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत मिसळणं. हे टप्पे काही शिस्तीत एकामागून एक येत नाहीत, मागेपुढे होतात. तुमची नायिका मात्र पहिला टप्पा गाळून थेट दुसऱ्यात उडी घेते, म्हणून मास्तर मांत्रिक वाटतो. तिच्या दाराला आतून कडी आहे का? कमाई कुठे ठेवते? नवऱ्याला हा पत्ता माहीत आहे का? एवढं कळू द्या, प्रेमाचं नंतर बघू.

दुसरं, असं काही कुणी ओळीने सांगत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरातलं चित्र लख्ख आठवतं, साल आठवत नाही. अर्धं सांगून ती खळ ढवळायला उठेल. मग दोन प्रकरणांनी, भलत्याच वेळी, पुस्तकाचा कणा चिकटवता चिकटवता एक वाक्य टाकेल आणि पुन्हा गप्प.

मारहाणीबद्दल म्हणाल तर मार राहू दे, त्याने लावलेल्या सवयी दाखवा. मास्तर सहज विचारतो, "कुठे होतीस?" आणि ती पूर्ण जबानी देते: दोरा संपला होता, नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून पुढच्या दुकानात गेले, तिथे गर्दी होती, ही बघा पावती. तो बिचारा चक्रावून पावतीकडे बघत राहतो. (पावत्या जपायची खोड मला अजून आहे. हिशेबनिसाला मी फार आवडते.) शेवटाकडे त्याने तेच विचारावं आणि तिने "बाहेर" एवढंच म्हणावं. पावती नाही, खुलासा नाही. वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायला तेवढं पुरे.

आणि मास्तरच्या सोशिकपणाचे पोवाडे नकोत हो. त्यालाही कंटाळा येऊ दे. एकदा चिडू दे, आवाज चढू दे, आणि चिडूनही त्याने हात खिशात घालून निघून जावं, दुसऱ्या दिवशी परत यावं. माणूस रागावतो आणि तरी आपल्याला काही होत नाही, हे तिला पहिल्यांदा कळतं तो प्रसंग मला रडारडीपेक्षा मोठा वाटतो. सातवं प्रकरण तेच करा.

मिचकूट
वरच्या प्रतिसादाला +१. एक बारीकशी भर: डॉक्टरचं पात्र आणणार असाल तर त्याच्या तोंडी "पीटीएसडी" (जबर आघातानंतर मनाला जडणारा विकार) घालू नका. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ते नाव आलं १९८० साली. १९७४ चा डॉक्टर "मन गुंतवा, झोप घ्या" म्हणून टॉनिक लिहून देईल. तुमच्या कथेला ते उलट बरंच आहे, बाईला आपल्या दुखण्याचं नावसुद्धा मिळत नाही.

रातवा
डॉक्टर होता! नवव्यात! आणि नको तेवढा हुशार. त्याला आता टॉनिकच लिहायला लावते.

दुपारची_झोप, पावतीचा प्रसंग उचलला तर चालेल ना? अर्धविराम, रडणं ठेवतेय, पण ते मास्तर निघून गेल्यावर, कडी लावून. फक्त एक पेच उरलाय. मास्तरची आई दर भेटीत तिला "कुठे होतीस गं इतके दिवस?" विचारते, आणि म्हातारी मनाने अगदी लोण्यासारखी आहे. तिचं काय करू?

दुपारची_झोप
खुशाल उचला. म्हातारीला मुळीच हलवू नका. तिला पहिल्याच भेटीत पावती मिळू दे, आणि तिने ती मुकाट्याने घडी करून बटव्यात ठेवावी. ती का ठेवली हे मास्तरला सांगू नका.