आईचा स्टेंट, अमेरिकेतला मुक्काम आणि विमा

प्रश्न: आई चार महिन्यांसाठी माझ्याकडे अमेरिकेत येतेय. वय ६८, रक्तदाब, तीन वर्षांपूर्वी स्टेंट. विमा घेतलाय, पण ‘आधीपासूनचे आजार वगळून’ ही ओळ वाचल्यापासून झोप उडालीय. रात्री तिच्या छातीत दुखलं तर आधी फोन कुणाला, विमा कंपनीला?

उत्तर १: नाही गं! आधी ९११, म्हणजे तिथला आपत्कालीन मदतीचा नंबर. १९८६च्या एम्टाला कायद्यामुळे मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा तिथला सरकारी विमा) घेणाऱ्या रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागाला तिला तपासावंच लागतं, विमा असो वा नसो. बिल मात्र नंतर येतंच. विमा कंपनीला आई डॉक्टरांच्या हाती गेल्यावर कळव.

उत्तर २: पॉलिसीत ‘ॲक्यूट ऑनसेट’ हे शब्द शोध. जुना आजार अचानक उफाळला तर काही पॉलिसी खर्च देतात, पण वयानुसार मर्यादा असते आणि उपचार किती तासांत घ्यायचे तेही लिहिलेलं असतं. ‘फिक्स्ड बेनिफिट’ असेल तर प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कमच मिळते, उरलेलं तुझ्या खिशातून. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही हे बिल आल्यावर वाचलं. फार त्रास झाला, म्हणून कळकळीनं सांगतेय.

उत्तर ३: औषधांची यादी मूळ घटकांच्या नावांनी करून घे, ब्रँडची नावं तिथे वेगळी असतात. स्टेंटचं कार्ड आणि जुना ईसीजी आईच्या पर्समध्येच राहू दे. तिथल्या डॉक्टरांना तुलनेला जुना ईसीजी फार उपयोगी पडतो.

प्रश्नकर्ती: पॉलिसी उघडली. फिक्स्ड बेनिफिटच आहे. तिकीट पुढच्या महिन्याचं आहे, उद्याच पॉलिसी बदलून घेते.