'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी आणि नवी तबकडी : पहिल्या बाजूची पट्टी पेटीशी का जुळत नाही?

प्रश्न (पेटीवाला, नवी पेठ, सोलापूर)

नमस्कार. मी हार्मोनियम शिकवतो, त्यामुळे कोणतेही संगीत कानावर पडले की त्याची पट्टी शोधायला हात आपोआप पेटीकडे जातो. जॅझची ओळख मला मामांमुळे झाली. ते व्यापारी जहाजावर नोकरीला होते आणि 1970च्या दशकात त्यांनी परदेशातून आणलेल्या पंधरा-वीस तबकड्यांमध्ये माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' होती. ती आता फार खरखरते, म्हणून गेल्या महिन्यात मी तिची नवी आवृत्ती मागवली. तबकडी जाड, 180 ग्रॅमची आहे आणि तिची किंमत मी घरी अर्धीच सांगितली आहे.

पहिली शंका पट्टीची आहे. नव्या तबकडीवरचे 'सो व्हॉट' माझ्या पेटीच्या पांढरी दोनशी नेमके जुळते. तेच जुन्या तबकडीवर ऐकले, तर ते पांढरी दोनच्या वर सरकलेले, पण काळी दोनपर्यंत न पोहोचलेले असे मध्येच कुठेतरी लटकते. टेबलाचा, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचा, वेग चुकत असावा असे मला प्रथम वाटले, परंतु जुन्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूवरचे 'ऑल ब्लूज' पांढरी पाचवर व्यवस्थित बसते. एकाच तबकडीची एक बाजू सुरात आणि दुसरी चढी, हे कसे शक्य आहे?

दुसरी शंका नाद कसा आहे याबद्दल आहे. नव्या आवृत्तीत खरखर नाही आणि झांजेची किणकिण तंबोऱ्याच्या जवारीसारखी स्वच्छ ऐकू येते, पण खर्ज मात्र इतका दाटतो की पॉल चेंबर्स यांच्या बासचे स्वर एकमेकांत मिसळतात. जॉन कोल्ट्रेन यांच्या 'ब्लू ट्रेन'ची नवी प्रतही मी घेतली आहे आणि तिच्यातही मला हाच दोष जाणवतो. जुन्या छपाईतच खरा नाद असतो असे म्हणतात, त्यात तथ्य आहे काय?

उत्तर (होटगी रोड)

आपल्या कानांत दोष नाही आणि टेबलातही नाही. टेबल वेगाने फिरत असते, तर दोन्ही बाजू सारख्याच चढल्या असत्या. दुसरी बाजू पेटीशी जुळते, एवढ्यावरूनच टेबल निर्दोष ठरते.

दोष मूळ टेपमध्ये होता. हे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत झाले. ती वास्तू पूर्वी चर्च होती आणि तिथल्या उंच छतामुळे वाद्यांभोवती जी मोकळी आस राहते, ती या तबकडीत आजही ऐकू येते. वादकांनी 1959 मध्ये दोन दिवस वाजवले, 2 मार्चला आणि 22 एप्रिलला. पहिल्या दिवशी 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' ही पहिल्या बाजूची तिन्ही वादने झाली, तर दुसऱ्या बाजूची दोन एप्रिलमधली आहेत. मार्चमध्ये मुख्य टेपयंत्र योग्य गतीपेक्षा किंचित हळू चालत होते आणि हे कोणाच्याही लक्षात आले नाही. हळू चालणाऱ्या यंत्रावर मुद्रित झालेली टेप पुढे योग्य गतीच्या यंत्रावर वाजवली की ती वेगाने धावते, म्हणजेच सूर चढतो. त्या टेपवरून जी तबकडी कापली गेली, तिची पहिली बाजू चढीच राहिली आणि तीस वर्षांहून अधिक काळ जगभर तीच विकली गेली.

सुदैवाने त्या दिवशी खबरदारी म्हणून दुसरे यंत्रही चालू ठेवलेले होते आणि त्याची गती बरोबर होती. 1992 मध्ये नवी आवृत्ती काढताना ती दुसरी टेप वापरून चूक दुरुस्त करण्यात आली. आपली नवी प्रत या दुरुस्त परंपरेतली आहे आणि मामांची प्रत त्याआधीची. पेटी वाजवणाऱ्याला आणखी एक गंमत सांगतो. 'सो व्हॉट'चा आधार पांढरी दोनवर सोळा मात्रागट राहतो, मग आठ मात्रागटांसाठी तो काळी दोनवर चढतो आणि शेवटच्या आठांसाठी पुन्हा खाली येतो. जुन्या प्रतीत यांतले काहीच पेटीच्या पट्टीवर येत नाही, म्हणून तिच्याबरोबर वाजवून शिकणाऱ्यांचे किती हाल झाले असतील याची कल्पना आपण करू शकता.

उत्तर (जुळे सोलापूर)

नादाच्या प्रश्नावर 'ब्लू ट्रेन'च्या निमित्ताने थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे टेपपेक्षा ती टेप तबकडीवर उतरवणाऱ्या माणसाचा हात अधिक महत्त्वाचा ठरतो.

'ब्लू ट्रेन' 15 सप्टेंबर 1957 रोजी न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक येथे रूडी व्हॅन गेल्डर यांनी मुद्रित केली. हे गृहस्थ दिवसा लोकांच्या डोळ्यांची तपासणी करून चष्म्याचे नंबर काढत आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या घराच्या बैठकीत मायक्रोफोन मांडून जॅझ मुद्रित करत. स्वतंत्र स्टुडिओ त्यांनी 1959 मध्ये उभारला. ज्या लॅकरच्या चकतीवरून पुढे तबकड्या छापल्या जातात, तिच्यावर खाच कापण्याचे कामही ते स्वतःच करत आणि अशा प्रतींच्या मधल्या मोकळ्या कड्यावर त्यांची खूण आढळते. त्या काळी बहुतेक घरांत साधी, जड सुईची यंत्रे असत. खर्ज जितका खोल, तितकी खाच अधिक रुंद डोलते आणि तेवढी सुई उडण्याची भीती वाढते. म्हणून कापताना खालचा खर्ज आवरता घेतला जाई आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोन पुढे आणले जात. आपल्या कानाला जुन्या छपाईची जी धार आवडते, तिच्यात या तडजोडीचा वाटा मोठा आहे.

आज टेबले सुधारली आहेत, त्यामुळे ती तडजोड करावी लागत नाही. ब्लू नोट कंपनीने 2019 पासून 'टोन पोएट' ही मालिका काढली आहे. तिच्यासाठी केव्हिन ग्रे हे मूळ टेपवरून थेट खाच कापतात आणि 2022 मध्ये त्या मालिकेत 'ब्लू ट्रेन'ही आली. टेपवर जितका खर्ज आहे, तितका अशा तबकडीत उतरतो. म्हणून 'जुन्यातच खरा नाद' हे विधान मला मान्य नाही. जुन्यात त्या काळच्या यंत्रांना मानवेल असा नाद आहे.

मात्र नवी म्हणून विकली जाणारी प्रत्येक प्रत अशी नसते. 1962 पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांवरील हक्क युरोपात संपलेले आहेत, त्यामुळे मूळ टेप कधी पाहिलीही नसलेले प्रकाशक सीडीसारख्या स्रोतावरून तबकड्या काढून स्वस्तात विकतात. त्या वाईटच असतात असे नाही, पण त्या सीडीहून अधिक काही देऊ शकत नाहीत. घेताना खाच कोणी कापली आणि कोणत्या टेपवरून, हे कव्हरवर लिहिले आहे का ते पाहावे. ते लिहिलेले नसेल आणि फक्त '180 ग्रॅम' मोठ्या अक्षरांत असेल, तर मी हात आखडता घेतो. वजनाने तबकडी वाकण्याला थोडी दाद देत नाही, एवढेच. सूर खाचेत असतो आणि जाड तबकडीची खाच काही अधिक खोल नसते.

लिहिलेल्यावरही पूर्ण विसंबून राहू नये, ही गोष्ट वेगळी. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी टेपवरून थेट कापण्यासाठी नावाजलेली होती, पण मध्ये डिजिटल टप्पा वापरला जातो हे 2022 मध्ये उघड झाले आणि ग्राहक न्यायालयात गेले. तोवर त्याच तबकड्या ऐकून 'डिजिटल कानाला लगेच कळते' असे सांगणारे जाणकार कमी नव्हते. त्या दिवसापासून मी माझ्या कानांविषयी जरा नम्रपणे बोलतो.

उत्तर (पूर्वभाग, अशोक चौकाजवळ)

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण एक साधी गोष्ट कोणी विचारली नाही. आपले स्पीकर कोठे ठेवले आहेत? टेबल आणि स्पीकर एकाच लाकडी कपाटावर असतील, तर स्पीकरची थरथर फळीतून सुईपर्यंत पोहोचते, सुई तीच पुन्हा वाचते आणि खर्ज फुगतो. जुन्या तबकडीत मुळातच खर्ज बेताचा असेल, तर हा दोष झाकला जातो. नवी लावली की तो उघडा पडतो आणि दोष मात्र छपाईला दिला जातो.

दुसरे सुईचे. आमच्या भागात यंत्रमागांमुळे हवेत कापसाचे तंतू असतात आणि एका बाजूच्या वादनात सुईच्या टोकाशी चादर विणता येईल इतका गुंता जमतो. प्रत्येक वेळी मऊ ब्रशने सुई मागून पुढे झाडावी, उलट दिशेने कधीही नाही. बाजूच्या शेवटच्या वादनात आवाज अधिक फाटत असेल, तर थोडा दोष भूमितीचाही असतो. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर सरकते, तर आत लेबलाजवळ जेमतेम 20 ते 22, त्यामुळे तेवढेच संगीत आत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असते. 'ब्लू इन ग्रीन' नेमके तिथे येते.

टेबलाच्या वेगाची खात्री करायची असेल, तर लेबलावर कागदाचा तुकडा चिकटवून फेरे मोजा. तीन मिनिटांत बरोबर शंभर भरले पाहिजेत. आणि कृपा करून तबकड्या उभ्याच ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत एकावर एक रचलेल्या तबकड्यांचे पापड होतात. माझ्या अकरा झाल्या आहेत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (पेटीवाला)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. फेरे मोजले, तीन मिनिटांत शंभरच भरले. स्पीकर खरोखरच टेबलाच्या कपाटावर होते. ते उतरवून भिंतीपासून हातभर पुढे, दोन दगडी पाट्यांवर ठेवले आणि त्याच नव्या तबकडीतला बास सुटा झाला, बोट तारेवरून निघते तेही कळू लागले. 'ब्लू ट्रेन'च्या कव्हरवर मात्र खाच कोणी कापली याचा उल्लेख कोठेही नाही, त्यामुळे ती कोणत्या जातीची आहे हे मी ओळखून चुकलो आहे.

मामांना दोन्ही तबकड्या शेजारी शेजारी ऐकवल्या आणि टेपची हकिकतही सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, पण नवी पहिली बाजू त्यांना उतरलेली आणि मरगळलेली वाटते. पन्नास वर्षे कान चढ्या सुरालाच बसला आहे, त्याला माझी पेटी काय समजावणार? सध्या ते पहिली बाजू जुन्या तबकडीची लावतात आणि मग उठून दुसरी बाजू नव्या तबकडीची.